वीस युआनच्या नोटेवरची नदी

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: वय ६१. माध्यमिक शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. चुनखडीच्या प्रदेशातली भूरूपं शिकवताना त्या दक्षिण चीनमधल्या गुइलिनचा एक काळा-पांढरा फोटो वर्गात फिरवायच्या. तेव्हापासून ते डोंगर, ती नदी, त्या गुहा एकदा बघायचं मनात आहे. मुलगी नोकरीसाठी हाँगकाँगला असते. ती म्हणते, या, मी घेऊन जाते; पण तिला रजा तीनच दिवस मिळेल. यजमान बँकेतून निवृत्त, वय ६६, गुडघे दुखतात. ते म्हणतात, डोंगरच बघायचे तर महाबळेश्वर काय वाईट? आणि चीनमध्ये खायचं काय? फारच झालं तर ते नऊ दिवसांच्या ग्रुप टूरला येतील: बीजिंग, शिआन, शांघाय आणि गुइलिनला एक रात्र, मराठी जेवणासकट. ताईंना मात्र तिथे पाच दिवस नुसतं राहायचं आहे. त्या विचारतात: 'एवढा खर्च करून एकाच ठिकाणी बसून राहणं हा हट्ट आहे का? ह्यांना कसं पटवू? की मुलीबरोबर मी एकटीच जाऊन येऊ?'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. चार पानांत 'ह्यांना' एकवीस वेळा आलंय आणि 'मला' चार वेळा. तक्रार नाही करत, आपल्या पिढीच्या बायकांची पत्रं अशीच असतात. पण त्या चार 'मला'पैकी एक 'मला तिथे पाच दिवस नुसतं राहायचं आहे' हे आहे, आणि अख्ख्या पत्रात तेवढं एकच वाक्य तुम्ही 'पण' न लावता लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते.

आधी पैशाचं. जितकी जास्त ठिकाणं तितके पैसे वसूल, असा एक हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. गुइलिनला मी पहिल्यांदा गेले ती तुमच्या यजमानांना आवडलीय तशाच एका टूरबरोबर. सकाळी हत्तीच्या सोंडेसारखा नदीत उतरलेला कडा, वीस मिनिटं. मग बोट. मग गुहा. मग मोत्यांचं दुकान, आणि दुकानात सव्वा तास. संध्याकाळी विमानतळ. आज त्या दिवसातलं मला काय आठवतं? गाइडच्या काठीला बांधलेलं पिवळं फडकं आणि बसमध्ये विसरलेली माझी छत्री. भाजी बरी होती.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा यांगशुओ या गुइलिनजवळच्या गावापाशी, यूलोंग नदीच्या काठावर चार रात्री राहिले. पहिल्या सकाळी खिडकी उघडली तर बाहेर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं धुकं. मी वैतागून चहा करायला घेतला. चहा होईपर्यंत समोर एक डोंगर उभा होता. कप धुऊन आले तर तीन. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेला, म्हणून पायऱ्यापायऱ्यांचा, माथ्यावर सपाट. हे डोंगर म्हणजे उंच पेल्याने पाडलेल्या भाताच्या मुदी. सपाट भातखाचरांत अचानक उभ्या, एकीचा दुसरीशी संबंध नसल्यासारख्या. भूगोल तुम्हालाच शिकवण्याचा आगाऊपणा करत नाही. कधीकाळच्या समुद्रतळाचा चुनखडक, हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल झालेलं पावसाचं पाणी, खडकातल्या भेगा, हे तुम्ही माझ्यापेक्षा शंभर वेळा जास्त सांगितलं असेल. पण 'जे उभं आहे ते उरलेलं आहे, बाकीचं विरघळून गेलं' हे फळ्यावर सांगणं वेगळं आणि सकाळी सहा वाजता हातात चहा घेऊन समोर बघणं वेगळं. त्या सकाळीला एका मुक्कामाच्या टूरमध्ये जागाच नसते. धुकं टूरच्या वेळापत्रकाप्रमाणे उठत नाही.

तर तुमचा तो हट्ट मला हट्ट वाटत नाही. बीजिंगची भिंत आणि शिआनचे मातीचे सैनिक पाहण्यासारखे नाहीत असं नव्हे. पण ते बघायची इच्छा तुमच्या पत्रात कुठेच नाही. ज्याला खरंच सगळा चीन एकदा ओझरता बघून घ्यायचा आहे, त्याच्यासाठी ती टूर चांगलीच आहे. इतर वाचकांपैकी कोणी या विचारात असेल तर त्यांनी जरूर जावं, फक्त कार्यक्रमपत्रिकेत 'खरेदीसाठी वेळ' किती तास आहे ते आधी विचारावं.

'राहून गेलं' या भीतीबद्दल तुमच्या आवडीची एक गोष्ट सांगते. मिंग काळात शू शियाके नावाचा एक भटक्या होऊन गेला, १५८७ ते १६४१. आयुष्यभर डोंगर-दऱ्या-गुहा पायी हिंडला आणि रोज टिपणं लिहीत राहिला. चुनखडीचे डोंगर आणि गुहा यांचं इतकं बारकाईचं वर्णन त्याच्या आधी क्वचितच कोणी केलं असेल. १६३७ साली तो गुइलिनला आला आणि त्या परिसरात महिन्याहून जास्त राहिला, मशाली घेऊन गुहांत शिरला. शहराच्या मधोमध राजवाड्याच्या आवारात दूशिऊ नावाचा एक एकटा सुळका आहे. त्यावर चढायची परवानगी मिळावी म्हणून तो पुन्हा पुन्हा खेटे घालत राहिला. परवानगी काही मिळाली नाही. एवढा मोठा प्रवासी, आणि गावातलाच डोंगर राहिला.

गंमत म्हणजे याच सुळक्याच्या कड्यावर १२०१ सालचा एक शिलालेख आहे. राजधानीला परीक्षेसाठी निघालेल्या उमेदवारांना निरोप देताना वांग झंगगोंग नावाच्या अधिकाऱ्याने कविता केली, ती तिथे कोरलेली आहे. 'गुइलिनचे डोंगर आणि पाणी जगात अव्वल' ही चीनमध्ये शाळकरी पोरांनाही पाठ असलेली ओळ त्यातलीच. म्हणजे जाहिरातीसारखी वाटणारी ही ओळ मुळात परीक्षार्थींच्या निरोपसमारंभातली. बत्तीस वर्षं दहावीच्या मुलांना निरोप दिलेल्या बाईंना हे सांगितल्यावाचून मला राहवेना.

आता गुडघे. 'गुडघे दुखतात म्हणजे डोंगर बाद' हे तुम्ही दोघांनी न तपासताच धरून चाललात. इथले डोंगर चढायचे नसतात, खालून बघायचे असतात. चढायचे म्हटले तर आहेत: चंद्रासारखी आरपार कमान असलेली मून हिल आहे, शेकडो पायऱ्यांची, शिंगपिंग गावाचा लाओझाई डोंगर तर अक्षरशः हातपाय टेकत चढावा लागतो. ते तुम्ही मुलीबरोबर करा, यजमान खाली बसतील. पण मुख्य मजा पाण्यावर आहे, आणि पाण्यावर बसूनच जायचं असतं.

त्यातही फरक समजून घ्या. गुइलिनहून यांगशुओपर्यंत ली नदीतून साधारण ८० किलोमीटरची मोठ्या बोटींची फेरी असते, चार-साडेचार तासांची, प्रवाहाबरोबर खाली जाणारी. शंभर-सव्वाशे माणसांची दुमजली बोट, आत स्वच्छतागृह, जेवण, टेबल-खुर्च्या. बोटी एकामागून एक सुटतात, त्यामुळे कधी कधी वरातीत निघाल्यासारखं वाटतं. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून आरामशीर काही नाही. दुसरा प्रकार ली नदीवरच्या 'बांबूच्या' तराफ्यांचा. त्यांत बांबू शोधू नका, प्लास्टिकचे जाड पाइप आणि मागे फटफटणारं इंजिन असतं. तिसरा प्रकार यूलोंग नदीवरचा, आणि तो मला सगळ्यांत प्रिय. खऱ्या बांबूंचा तराफा, त्यावर शेजारी शेजारी दोन खुर्च्या, वर छत्री, मागे लांब काठीने तराफा रेटणारा नावाडी. इंजिन नाही. नदीत जागोजागी दगडी बंधारे आहेत. बंधारा आला की नावाडी हाताने खूण करतो: पाय वर! तराफ्याचं नाक खाली जातं, पाणी बांबूंच्या फटींतून वर उसळतं, सगळ्यांच्या चपला ओल्या होतात, आणि पुढच्या क्षणी पुन्हा सगळं गप्प. मग फक्त काठी तळाच्या खड्यांवर टेकल्याचा आवाज. माझ्या पुढच्या तराफ्यावर सत्तरीचे एक आजोबा होते, प्रत्येक बंधाऱ्याला शेजारच्या आजींचा हात धरायचे आणि पाणी शांत झालं की लगेच सोडून द्यायचे. दोघांच्याच खुर्च्या असतात ताई, हे लक्षात ठेवा. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला. नदीला पाणी चढलं की हे तराफे बंद ठेवतात, आणि ज्येष्ठांसाठी वयाची काही अट आहे का ते तिकीट काढण्याआधीच मुलीकडून विचारून घ्या.

म्हणून ऋतू महत्त्वाचा. एप्रिल ते जून तिथे पावसाचा जोर असतो. २०२४च्या जूनमध्ये तर गुइलिन शहरात पुराचं पाणी शिरलं होतं. मेच्या आणि जूनच्या सुट्टीत जायचा मोह टाळा. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही टाळा, १ तारखेपासून चीनची राष्ट्रीय सुट्टी असते आणि अर्धा देश फिरायला निघालेला असतो. त्यानंतरचा ऑक्टोबर ते नोव्हेंबर, आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे, हा उत्तम काळ. गुइलिन म्हणजे गुइ-फुलांचं बन. ही बारीक पिवळी फुलं जाई-जुईच्या कुळातली, शरद ऋतूत फुलतात, आणि रस्त्यावर झाड दिसायच्या आधी वास येतो. ऐन हिवाळ्यात नदीचं पाणी उतरतं आणि मोठ्या बोटींची फेरी आखडती घ्यावी लागते.

गुहांबद्दल तुमची अपेक्षा थोडी सैल करून ठेवते, कारण तिथे तुमची निराशा होण्याची शक्यता आहे. आपण महाराष्ट्रातली माणसं, गुहा म्हटलं की मनात अजिंठा-वेरूळ येतं. पण ती लेणी, माणसाने छिन्नीने कोरलेली. इथल्या गुहा पाण्याने कोरल्या आहेत, आणि माणसाने मग त्यांत दिवे लावलेत. आणि काय दिवे! जांभळे, हिरवे, गुलाबी. गुइलिन शहरातली लुदी गुहा, म्हणजे बोरूच्या बासरीची गुहा, साधारण २४० मीटर लांब आहे. आत सगळे लवणस्तंभ गणपतीच्या मांडवासारखे रंगवलेले. माझं स्पष्ट मत: रंग वाईट आहेत. पण दोन गोष्टींसाठी जा. एक, भिंतींवर शाईने लिहिलेले सत्तरहून अधिक लेख, त्यांतला जुन्यातला जुना तांग काळातला, सन ७९२चा. बाराशे वर्षांपूर्वी कोणीतरी आत येऊन, आपल्यासारखंच थक्क होऊन नाव लिहून गेलं. (तेव्हाही लोक भिंतींवर नावं लिहायचे, हे बघून का कोण जाणे मला बरं वाटलं.) दुसरं, गर्दीचा एक लोंढा पुढे जाऊ द्या, कठड्याला टेका आणि छताला लोंबणाऱ्या एखाद्या टोकाकडे बघत राहा. थेंब जमतो, फुगतो, लोंबतो, पडतो. शाळेत फळ्यावर काढलेल्या 'अधोमुखी' आणि 'ऊर्ध्वमुखी' स्तंभांचं काम अजून चालू आहे, हे डोळ्यांनी दिसतं. रबरी तळव्याचे बूट हवेत, पायऱ्या ओल्या असतात. लिपू भागातली यिनझी गुहा जास्त मोठी आहे आणि चालणंही बरंच जास्त. यजमानांसाठी लुदी पुरे.

खाण्याचं त्यांचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तुम्ही दोघं शाकाहारी असाल तर अडचण खरी आहे. गुइलिनच्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवयांवर मांस घालू नका म्हटलं तरी त्यावर ओततात तो मसालेदार रस हाडं उकळूनच केलेला असतो. भाज्या डुकराच्या चरबीत परतण्याचीही पद्धत आहे. 'मांस नको' एवढं पुरत नाही. मुलीकडून चिनी लिपीत एक कार्ड लिहून घ्या: मांस, मासे, चरबी, हाडांचा रस काही नको, वनस्पती तेलात करा. स्वयंपाक्याला ते दाखवलं की लसणावरची पालेभाजी, टोफू, भात निघतो. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची भाजी कुठेही मिळते, आणि ती आपल्या घरची वाटते. लिपूच्या अळूचे कंद आपल्या अळकुड्यांचे थोरले भाऊ, तेही मागा. बाकी दडपे पोहे, मेतकूट आणि लोणच्याची बाटली तुम्हाला मी काय सांगायची! छोट्या गेस्ट हाउसात खोलीत किटली असते, तेवढ्यावर नाश्ता निघतो.

आता तुम्ही सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न. ह्यांना कसं पटवू? मला वाटतं, ते ज्याला नाही म्हणताहेत ते तुम्ही नीट ऐकलेलं नाही. तुमच्याच पत्रात एक ओळ आहे: 'मुलीकडे हाँगकाँगला गेलो तर तिकिटाच्या मशीनसमोर हे गप्प उभे होते, मग म्हणाले चल घरी.' ताई, चाळीस वर्षं काउंटरच्या आत बसून लोकांची कामं केलेला माणूस. चीनमध्ये त्याला पाटी वाचता येणार नाही, पैसे देता येणार नाहीत, चहा मागता येणार नाही. तिथे भाजीवालीसुद्धा फोनवरच पैसे घेते. महाबळेश्वर आणि जेवण ही सांगायची कारणं झाली. ग्रुप टूर त्यांना हवी आहे ती यासाठी, की तिथे कुणाला काही येत नाही हे कुणाला कळत नाही.

तेव्हा पटवू नका, काम द्या. चीनच्या वीस युआनच्या नोटेच्या मागच्या बाजूला एक चित्र आहे: नदी, मागे सुळक्यांची रांग, पाण्यात एक तराफा. ती जागा खरी आहे, शिंगपिंग गावाजवळ, ली नदीच्या काठावर. लोक तिथे नोट समोर धरून डोंगर जुळवत उभे असतात. आयुष्यभर नोटा मोजलेल्या माणसाला सांगा, ती जागा तुम्ही शोधायची. आणि पैशांचा कारभार त्यांच्याकडेच द्या. अलिपे हे चिनी ॲप परदेशी व्हिसा किंवा मास्टरकार्डला जोडता येतं. कार्डावर परदेशातले ऑनलाइन व्यवहार आधी सुरू करून घ्यायचे, ओटीपी येतो म्हणून भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवायचं. हे सगळं साताऱ्यात असो की सोलापुरात, घरी बसूनच करायचं, मुलीने व्हिडिओ कॉलवर हवं तर दाखवावं, पण बटणं त्यांनीच दाबायची. गुगलचे नकाशे तिथे भरवशाचे नाहीत. चिनी नकाशाचं ॲप आणि भाषांतराचं ॲप त्यांच्याच फोनवर घ्या, तुमच्या नको.

मुलीचे तीन दिवस सगळे पुढे वापरा. हाँगकाँगच्या वेस्ट काउलून स्टेशनवरून गुइलिनच्या बाजूला थेट वेगवान गाड्या आहेत. दोन्हीकडचे पासपोर्टचे सोपस्कार त्याच इमारतीत होतात. एक घोटाळा बहुतेक जण करतात: 'यांगशुओ' नावाचं रेल्वे स्टेशन यांगशुओ गावात नाही, शिंगपिंगजवळ आहे. म्हणजे उतरल्यावर पहिली रात्र शिंगपिंगलाच काढा, नोटेचं काम तिथेच होतं. मग यूलोंगकाठी दोन दिवस मुलीसह, ती परतली की दोन दिवस तुम्ही दोघंच. सगळं शिकून झालेलं असेल. शेवटी गुइलिन शहर, गुहा, आणि परतीची गाडी.

एवढं करूनही ते नाही म्हणाले, तर मुलीबरोबर तुम्ही जा. यात शिक्षा नको, रुसवाही नको. पाच दिवसांचे डबे फ्रीजमध्ये भरून ठेवू नका, एवढीच माझी अट. मुलगी परतल्यावर दोन दिवस एकट्या राहाल का, हा प्रश्न उरतो. गावं गजबजलेली आहेत, रात्री उशिरापर्यंत दुकानं उघडी असतात. पण तुम्ही कधी एकट्या प्रवास केलेला नाही, म्हणून पहिल्या खेपेला तीन दिवसांत परत या. त्या तीन दिवसांत टूरच्या एका दिवसापेक्षा जास्तच हाती लागेल.

कागदपत्रं वेळेत करा. चीनचा पर्यटक व्हिसा आपल्याला लागतोच; काही देशांच्या लोकांना तिथे जी सूट मिळते त्यात भारत नाही. हाँगकाँगचा हिशेब वेगळा, त्यासाठी भारतीयांना निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. हाँगकाँग-गुइलिन-हाँगकाँग असं गेलात तर चीनचा एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. मध्येच हाँगकाँगला येऊन पुन्हा आत जायचं असेल तर दोन प्रवेशांचा मागा. गेस्ट हाउसला आधीच कळवा की आम्ही भारतीय पासपोर्टवर येतोय, कारण परदेशी पाहुण्यांची नोंद त्यांना करावी लागते.

आणि मुलीला आजच सांगून ठेवा, बँकेतून वीस युआनची एक करकरीत नोट आणून ठेव म्हणावं. तिथे सगळे फोननेच पैसे देतात, ऐन वेळी चांगली नोट सापडत नाही.